तांदळात लिहिलेलं नाव: वहिनींना आलेली नोटीस आणि आपले कागद

येरळाकाठ · २८ डिसेंबर २०२५, रात्री १०:१२

मंडळी, हा धागा राजकारणाच्या सदरात न टाकता मुद्दाम गावगप्पांत टाकतोय. पक्षांची भांडणं तिकडं चालू द्यात. मला एका घरगुती अडचणीवर सल्ला हवाय.

आमचं गाव विट्याजवळ. थोरला दादा सत्त्याण्णव साली गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामावर तामिळनाडूत सेलमला गेला. आधी मामांच्या दुकानात, नंतर स्वतःचा गाळा. आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. वहिनी लग्न होऊन २००४ ला आमच्या घरी आल्या आणि पुढच्या वर्षी सेलमला गेल्या. दोघांचीही नावं तिथल्या मतदारयादीत २००९ पासून आहेत आणि प्रत्येक निवडणुकीला दोघं मत देतात.

नोव्हेंबरात तिकडं एसआयआर सुरू झालं, म्हणजे मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण. घरोघरी गणना अर्ज दिले. मागच्या वेळी असं पुनरीक्षण २००२ ते २००४ च्या दरम्यान झालं होतं. त्या यादीत तुमचं किंवा आईवडिलांचं नाव कुठं होतं ते अर्जात भरायचं. यादी कुठल्याही राज्यातली चालते. दादाचं नाव तेव्हा गावच्या यादीत होतं, त्याचं जुळलं. वहिनी त्या वेळी नुकत्या अठराच्या, माहेरी माण तालुक्यात. त्यांचं नाव लागलेलंच नव्हतं. वडिलांचा त्या यादीतला भाग क्रमांक दादाला माहीत नव्हता, म्हणून त्यानं रकाना कोरा ठेवून अर्ज दिला. १९ तारखेच्या प्रारूप यादीत नाव आलं, पण परवा नोटीस आली: जुन्या यादीशी तपशील जुळत नाही, कागदपत्रं घेऊन सुनावणीला या.

आता कागद. आधार, पॅन, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पुस्तक या सगळ्यावर नाव 'अश्विनी'. लग्नाआधीचा एकच कागद आहे, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव 'शालन'. नववीत शाळा सुटली, त्यामुळं बोर्डाचं प्रमाणपत्र नाही.

अश्विनी हे नाव लग्नात ठेवलं. आईनं ताटात तांदूळ पसरले, दादानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढ्याचा बॉक्स घेऊन शेजारीच उभा होतो. त्या रात्री ते तांदूळ भातात गेले असतील. शालनची अश्विनी झाली याचा दुसरा पुरावा आमच्याकडं नाही. लग्नाची नोंदणी केली नव्हती. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. शालन' आहे आणि अल्बमच्या पहिल्या पानावर 'अश्विनी'. दोन्ही नावं एकत्र असलेला एकही कागद घरात सापडला नाही.

काल वहिनींच्या आजोळी जाऊन आलो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कपाटातून १९८४ चं रजिस्टर काढलं. कापडी बांधणी सुटलेली, पानाच्या कडा बिस्किटासारख्या मोडत होत्या. त्यांनी पट्टी खाली धरून एकेक ओळ वाचली आणि ऑगस्टात नोंद सापडली. लिंग: स्त्री. बापाचं नाव: दत्तू. बालकाचं नाव: कोरं. बारसं होण्याआधी नोंद झाली आणि नंतर नाव लावायला कुणी गेलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९८४ आहे आणि बापाचं नाव दत्तात्रय.

थोडक्यात, एका बाईची तीन रूपं झालीत: बिननावाची, शालन आणि अश्विनी. सुनावणीत यातली कुठली उभी करू?

---

माणदेशी_माणूस · २८ डिसेंबर, रात्री १०:५५

१ जून! आवो आमच्या वर्गात ४२ पोरं, त्यातल्या ३५ जणांचा वाढदिवस १ जूनला. गुर्जी म्हणायचे, "शाळा जूनमधे उघडती, तू बी जूनमधेच झालास." आख्ख्या माणदेशात बाकीच्या अकरा महिन्यांत कुणी जन्मलंच न्हाई.

आणि दत्तूचं काय घेऊन बसलाय? आमच्या आज्ज्याला सातबाऱ्यावर 'ज्ञानू', सोसायटीत 'ज्ञानदेव', पेन्शनीला 'ज्ञानेश्वर' म्हणायचे. मेल्यावर वारसनोंदीला तीन माणसं मेली काय असं विचारलं हुतं.

---

भडंग_सांगली · २९ डिसेंबर, सकाळी ७:३०

वहिनींची अडचण खरी आहे, पण एका नोटिशीवरून सगळं पुनरीक्षण वाईट ठरवू नका. मी दहा-बारा वर्षं मतदान केंद्रावर पोलिंग एजंट म्हणून बसलोय. यादीत मेलेली माणसं असतात, एकच बाई दोन वॉर्डांत असते. परवा नगरपालिकांच्या मतदानात यादीत दुबार नावांसमोर दोन चांदण्या होत्या, त्या उगाच का? बिहारच्या पुनरीक्षणाचंच बघा. तिथं प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गळली. त्यात २२ लाखांच्या वर मयत होते आणि ७ लाख दुबार. ही घाण काढायची की नाही?

बँकेत केवायसी मागितली की आपण निमूट कागद देतो. सिलिंडरला देतो, सिमकार्डाला देतो. देश कुणी चालवायचा हे ठरवताना मात्र कागद मागितला की जुलूम होतो?

---

येरळाकाठ · २९ डिसेंबर, सकाळी ९:०५

भडंगभाऊ, तुमचेच आकडे पुढं नेतो. ६५ लाखांतले २२ मयत, ७ दुबार. उरलेले ३६ लाख कोण? कायमचे बाहेर गेलेले किंवा घरी न सापडलेले. आमची गलाईवाली सगळी जमात या तिसऱ्या पोत्यात बसते. दुकानाला कुलूप आणि माणूस गावी जत्रेला, की झाला तो न सापडलेला.

आणि मयत माणूस काढायला वहिनींचा शाळेचा दाखला कशाला लागतो? मृत्यूची नोंद बघा, घरी जाऊन विचारा. दुबार असेल तर दोन फोटो शेजारी ठेवा. तुम्ही सांगितलेल्या रोगांवरचं औषध वेगळं आहे. जन्माचा आणि आईबापाचा कागद मागून त्यातला एकही रोग बरा होत नाही.

केवायसीचं म्हणाल तर खातं गोठलं तरी पुढच्या आठवड्यात कागद देऊन उघडता येतं. मतदानाचा दिवस एकदा गेला की पाच वर्षांनीच उगवतो.

---

काळा_कोट · २९ डिसेंबर, दुपारी १:४०

साताऱ्यात वकिली करतो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, घाईबद्दल माफी.

आधी मुळातली गोष्ट. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ प्रमाणे मतदार नागरिक असायला हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो नागरिक असल्याचं कुणी आणि कसं दाखवायचं याचा. इतकी वर्षं नवीन नाव लावताना नमुना ६ भरायचा, त्यात 'मी भारताचा नागरिक आहे' असं घोषणापत्र असतं. वयाचा आणि राहण्याचा पुरावा जोडायचा. घोषणा खोटी निघाली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे शब्दावर विश्वास आणि खोटेपणाला शिक्षा, अशी रचना होती.

१९९५ साली लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्याचं नाव आधीच यादीत आहे, ते लावताना अधिकाऱ्यानं तपासणी केलीच असणार, असं धरून चालायचं. काढायचं असेल तर नोटीस द्या, संशय कशावरून आला ते सांगा, त्याचं म्हणणं ऐका. हा मुद्दा वहिनींच्या बाजूनं आहे. त्या २००९ पासून यादीत आहेत.

नव्या रचनेत जन्मतारखेवरून गाळे पाडलेत. १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यानं फक्त स्वतःचा कागद द्यायचा. त्या दिवसापासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यानं स्वतःचा आणि आईवडिलांपैकी एकाचा. त्यानंतर जन्मलेल्यानं दोघांचाही. या तारखा १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात झालेल्या दुरुस्त्यांवरून आल्यात. वहिनी पहिल्या गाळ्यात आहेत, हे त्यांचं नशीब. त्यांच्या मुलांना दोघांचे कागद शोधायला लागतील.

बिहारला सुरुवातीला जी अकरा कागदांची यादी होती, त्यात जन्मदाखला, पासपोर्ट, बोर्डाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, १ जुलै १९८७ पूर्वीचं सरकारी, बँकेचं, पोस्टाचं किंवा एलआयसीचं कुठलंही ओळखपत्र असं होतं. ज्याच्या खिशात जे असतं तेच नेमकं त्यात नव्हतं: आधार, रेशन कार्ड आणि आयोगानं स्वतः दिलेलं मतदार ओळखपत्र. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आधार बारावा झाला, तोही ओळखीपुरता. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय.

आता उपाय. शाळेचा दाखला आणि अश्विनीचं आधार जोडून एक प्रतिज्ञापत्र करा, 'शालन आणि अश्विनी एकच व्यक्ती'. पण खरा भर वडिलांची जुनी नोंद शोधण्यावर द्या. ती सापडली तर नोटिशीचं मूळ कारणच निघून जातं. आणि उद्या नाव काढलंच तर घाबरू नका. १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील, तिथंही नाही जमलं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं दुसरं अपील. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

---

कान्ससची_मिरजकरीण · ३० डिसेंबर, सकाळी ६:१५

माहेर मिरज, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत कान्सस राज्यात. हा धागा वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्या राज्यात हा प्रयोग होऊन गेलाय.

इथं २०११ साली कायदा झाला आणि २०१३ पासून लागू झाला. नवीन नाव नोंदवताना जन्मदाखला, पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दाखवलंच पाहिजे. कारण तेच: परदेशी माणसं मत देतात. मी तेव्हा नागरिक होण्याच्या वाटेवर होते. मला वाटलं, आपल्यासारख्यांची यात गाळण होणार.

झालं उलटंच. बाहेरून येऊन नागरिक झालेल्या माणसाकडं कागदांची फाईल असतेच. मी तर प्रमाणपत्र माझ्या मंगळसूत्रापेक्षा जपून ठेवलंय. अडकली ती इथंच जन्मलेली माणसं. माझ्या शेजारच्या आजी दुसऱ्या राज्यात एका शेतावर जन्मल्या. जन्मदाखला मागवायचा तर त्या राज्याला पैसे भरा, वाट बघा, आणि तो आला की त्यावर माहेरचं आडनाव. मग लग्नाचा दाखला शोधा. आजींची लग्नं दोन.

कोर्टात आकडा आला तो ३१ हजारांच्या वर. एवढ्यांचे अर्ज अडवले किंवा रद्द केले, म्हणजे नवीन अर्जांपैकी साधारण १२ टक्के. त्यात तरुण पोरं आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले लोक जास्त. आणि राज्याला १९९९ पासूनच्या काळात यादीत शिरलेले परदेशी किती सापडले? ३९. तेही बरेचसे कारकुनाच्या चुकीनं किंवा गैरसमजानं. जून २०१८ मध्ये फेडरल न्यायालयानं कायदा रद्द केला, २०२० मध्ये वरच्या न्यायालयानं तेच कायम केलं. राज्याची बाजू स्वतः मांडणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट (इथं राज्याच्या निवडणुका हेच बघतात) क्रिस कोबाक यांना न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी कायद्याचे सहा तास जादा वर्ग करायला लावले, हे आम्ही इथं अजून चवीनं सांगतो.

एवढं होऊनही विषय संपलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सबंध देशासाठी तसंच विधेयक अमेरिकेच्या खालच्या सभागृहानं मंजूर केलं. न्यू हॅम्पशायरमध्ये असा कायदा आलाय, आणि मार्चमधल्या गावपातळीच्या मतदानाला लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना कागद आणायला घरी परत जावं लागलं. 'शालन-अश्विनी' फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. मात्र इथं आडनावच बदलतं. पाळण्यातलं नाव बदलायची सोय फक्त आपल्या लोकांनी केलीय!

---

भडंग_सांगली · ३० डिसेंबर, सकाळी ८:५०

ताई, कान्ससचं माहीत नव्हतं. ३९ च्या पाठी ३१ हजार हा हिशेब व्यापाऱ्याला पटणारा नाही, कबूल.

पण अमेरिकेचं माप जसंच्या तसं इथं लावू नका. आपल्याकडं यादीची अवस्था फार वाईट आहे. पाटण, जावळीकडच्या वाड्यांत जाऊन बघा. यादीत तीनशे नावं आणि वाडीत म्हातारीकोतारी साठ. बाकीचे घाटकोपर, कोपरखैरणे. त्यांची तिकडंही नावं आणि इकडंही. निवडणुकीच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्स भरून येतात. हे साफ व्हायलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. फक्त वहिनींसारखी माणसं त्यात भरडली जाऊ नयेत, एवढं मान्य.

---

खडू_फळा · ३० डिसेंबर, दुपारी ४:२०

निवृत्त शिक्षक. १ जूनच्या पापात माझाही वाटा आहे, क्षमस्व.

बायकांच्या नावाचा हा घोळ पहिल्या निवडणुकीपासूनचा आहे. १९५१-५२ च्या याद्या तयार करताना उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका परक्या माणसाला नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशाच नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी मान्य केल्या नाहीत. नावं सांगायला मुदत वाढवून दिली, तरी शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली. सेन यांचा आग्रह तत्त्वानं बरोबर होता. बाईला स्वतःचं नाव असलंच पाहिजे. पण त्या वर्षी मत गेलं ते त्या बायकांचंच, नाव न विचारणाऱ्या नवऱ्यांचं नव्हे.

वर्गातला एक अनुभव सांगतो. पहिलीत नाव घालायला बाप यायचा. मी विचारायचो, "मुलीचं नाव काय?" तो दाराकडं वळून बायकोला विचारायचा. ती पदराआडून सांगायची ते मी लिहायचो. 'शालन' की 'शालिनी', हे मला त्या पदरातून जेवढं ऐकू आलं त्यावर ठरलंय.

---

कोयनेचं_पाणी · ३० डिसेंबर, रात्री ९:३३

आमचं मूळ गाव धरणात. आजोबांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दिली. तिथं पाणी नव्हतं म्हणून अर्धं घर परत साताऱ्याकडं आलं. सरकारनं जमीन किंवा घर वाटप केल्याचा कागद त्या अकरा कागदांच्या यादीत चालतो, असं वाचून बरं वाटलं. आमच्याकडं तो आहे. पण तो आजोबांच्या नावानं. आजोबांपासून माझ्यापर्यंत यायला मधे दोन कागद लागतात आणि मधल्या पिढीचा जन्म झाला त्या गावात आता मासे आहेत. जन्ममृत्यूचं दप्तर कुठल्या तालुक्याला गेलं ते विचारायला गेलो तर प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडं बोट दाखवतो.

---

हरिपूरची_पेवं · ३१ डिसेंबर, सकाळी १०:०२

२०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीतल्या घरात सात फूट पाणी होतं, नऊ दिवस. माळ्यावर चढवलेली ट्रंकसुद्धा भिजली. पाणी उतरल्यावर आईनं सगळे कागद गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. खरेदीखत, आमचे जन्मदाखले, बाबांची नेमणूक. बॉलपेनचं लिहिलेलं टिकलं, पण शाईपेनचं आणि रबरी शिक्क्यांचं सगळं निळं ओघळून गेलं. माझ्या दाखल्यावर शिक्क्याच्या जागी आता जांभळा ढग आहे. एका कार्यालयात तो दाखवला तर म्हणाले, शिक्का वाचता येत नाही. मी म्हटलं, साहेब, पाणी वाचता येतंय का बघा!

दुसरी प्रत मिळाली, पण चार फेऱ्या आणि दोन रजा गेल्या. मला पगारी रजा आहे. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना खाडा म्हणजे खाडाच. त्यांच्या घरात पाणी आमच्यापेक्षा जास्त होतं.

---

चिटबॉय · ३१ डिसेंबर, दुपारी २:१७

कारखान्यावर आहे, फडातून लिहितोय. येरळाकाठ, तुमच्या वहिनींना निदान नोटीस तरी मिळाली. बीडकडच्या टोळ्या दिवाळी झाली की इथं येतात आणि गाळप संपेपर्यंत, मार्चपर्यंत, इथंच असतात. महाराष्ट्रात एसआयआर आलं आणि ते थंडीत आलं तर बीएलओ, म्हणजे घरोघरी फिरणारा यादीचा कर्मचारी, त्यांच्या घराला कुलूप बघणार. तीन फेऱ्या मारल्या तरी कुलूपच. इथं खोपीत कोण नोटीस आणून देणार? नवराबायको मिळून एक कोयता धरतात आमच्याकडं. नावानं कुणी हाक मारत न्हाई, मुकादमाच्या वहीतसुद्धा कोयताच मोजला जातो.

आत्ता समोर एक बाई मोळी बांधतीय. विचारलं, मतदानाचं कार्ड कुठंय. म्हणाली, गावी पेटीत. आणि पेटीची किल्ली? कमरेची दाखवली.

---

माणदेशी_माणूस · ३१ डिसेंबर, दुपारी ३:४०

आमचे मेंढकेबी तसलेच. मेंढरांचा वाडा हाय तिकडं गाव. दिवाळीनंतर कोकणात, पावसाला परत.

येरळाकाठ, एक सुचवतो. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची लाट आली तेव्हा आमच्या तालुक्यात पोरांनी कोतवाल बुकं, गाव नमुना १४, जन्ममृत्यूची सगळी जुनी दप्तरं चाळलीत. मोडी वाचणारी माणसं धरून आणली हुती. त्यातल्या एकाला गाठा. वहिनींच्या वडलांचा जातीचा दाखला निघाला तर यादीतला कागद झाला की. आरक्षणाला शोधलेली नोंद मतदानाला उपयोगी पडंल, असं कुणाला वाटलं हुतं?

---

येरळाकाठ · १० जानेवारी २०२६, रात्री ११:२५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

काळा_कोट साहेबांचं ऐकून वडिलांच्या नोंदीमागं लागलो. जुनी यादी ऑनलाइन आहे, पण ती छापील पानांची फोटोप्रत. नाव टाकून शोधता येत नाही, एकेक पान डोळ्यांनी बघायचं. माण मतदारसंघ निवडला. वहिनींच्या गावाचं नाव एका भागात दिसलं. त्या भागात त्यांची वस्ती नव्हती, ती शेजारच्या गावाच्या भागात लावलेली. दोन रात्री मी आणि माझी बारावीतली पोरगी मोबाईलवर पानं मोठी करून वाचत होतो. पाणउताऱ्याची गोष्ट म्हणजे तिला चौथ्या भागात सापडलं, मी ते पान आधीच बघून सोडलेलं.

नाव 'दत्तु', ऱ्हस्व. वय ३८. खरं तर ते तेव्हा पंचेचाळिशीत असतील. खाली वहिनींच्या आईचं नाव आणि त्याखाली आजीचं, दहा वर्षांपूर्वी वारलेल्या. वहिनींना पान पाठवलं तर त्यांचा फोन आला. भाग क्रमांक वगैरे विचारायच्या आधी म्हणाल्या, "आज्जीचं नाव लिवलंय का तिथं? वाच बरं." वाचलं. मग थोडा वेळ बोलल्या नाहीत.

६ तारखेला सुनावणी झाली. दादानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. रांगेत आपल्या भागातली चार-पाच कुटुंबं होती, सगळ्यांच्या हातात गावाकडून आलेले व्हॉट्सॲपचे प्रिंट. साहेब चांगले होते, पण देवनागरी वाचता येत नव्हती. वहिनी गेली वीस वर्षं तमिळ बोलतात. त्यांनीच बोट ठेवून ओळ वाचून दाखवली, हे वडील, ही आई, ही आजी. शाळेचा दाखलाही वाचून दाखवला. म्हणजे पुरावा देणारी तीच आणि पुराव्याचं भाषांतर करणारीही तीच! तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना अक्षर एकच, त्यामुळं त्यांच्या यादीत आमच्या आडनावाचं जे झालंय त्यावरही साहेबांनी शंका काढली. दोन नावांचं प्रतिज्ञापत्र बघून त्यांनी विचारलं, "लग्नात पहिलं नावसुद्धा बदलता? का?" दादाला उत्तर देता आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "यांनाच विचारा, यांनीच लिहिलं."

कागद घेतले, पोच मिळाली. अंतिम यादी यायची आहे.

भडंगभाऊ, यादी साफ व्हावी हे मलाही पटतं. पण हिशेब बघा. दादाचा अर्धा दिवस, माझा विट्याहून माणला जायचा एक दिवस, दोन रात्री जागरण, प्रतिज्ञापत्राचा खर्च, आणि वर तुमच्यासारख्या दहा जणांचा सल्ला. हे सगळं त्या बाईसाठी, जिच्याबद्दल कुणाला तसूभर शंका नव्हती. रांगेत वहिनींच्या पुढं एक बाई होती, मूळची कवठेमहांकाळकडची. माहेरी कुणी उरलं नाही, यादी शोधायला कुणी नाही. ती पुढची तारीख घेऊन गेली.

---

भडंग_सांगली · ११ जानेवारी, सकाळी ७:४५

त्या कवठेमहांकाळच्या ताईंच्या वडिलांचं नाव आणि गाव व्यक्तिगत निरोपात पाठवा. त्यांची परवानगी घेऊन. आमच्या दुकानात दोन पोरं दुपारी रिकामी असतात, त्यांना पानं चाळायला बसवतो.

---

हरिपूरची_पेवं · ११ जानेवारी, सकाळी ८:२०

मीपण बघते, रविवार आहे. भाग वाटून घेऊ.

---

गलाई_कोचीन · ११ जानेवारी, रात्री ९:५०

नवीन सभासद आहे, केरळमध्ये दुकान. गाव कडेगाव तालुक्यात. मलाही आईचं नाव शोधायचंय, पण जुन्या यादीत 'पलूस-कडेगाव' मतदारसंघच दिसत नाही. कुठं बघू?

---

काळा_कोट · ११ जानेवारी, रात्री १०:१५

२००८ च्या पुनर्रचनेआधी तो मतदारसंघ नव्हता. 'भिलवडी-वांगी' म्हणून बघा. आईचं माहेरचं नाव शोधताय की सासरचं? लग्न २००२ च्या आधीचं असेल तर दोन्ही नावांनी बघा.

---

गलाई_कोचीन · ११ जानेवारी, रात्री १०:३१

भिलवडी-वांगी सापडलं. आईला विचारून सांगतो. ती झोपलीय.